छोट्या पाणबुडीच्या बॅटरी पॉडचं झाकण: बसवायचं कसं, आवळायचं किती आणि उघडताना कुठे उभं राहायचं

बॅटरी पॉडच्या झाकणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, खाली एवढं पाणी दाबतंय तर झाकण टिकेल का, बोल्ट अजून जाड घेऊ का. मग एम १२ चे, म्हणजे १२ मिमी जाडीचे बोल्ट येतात, नाशिकच्या अंबडमधल्या एखाद्या वर्कशॉपमधून जाडजूड फ्लँज (झाकण जिच्यावर टेकतं ती पॉडच्या तोंडाची रुंद कड) करून आणला जातो, नि जी गोष्ट खरंच त्रास देते तिच्याकडे कोणी बघतच नाही. ती म्हणजे पॉडच्या आत कोंडलेली हवा.

ज्यांना पॉड म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक-दोन माणसांच्या छोट्या पाणबुडीत बॅटऱ्या बऱ्याचदा माणूस बसतो त्या डब्याबाहेर ठेवतात, खाली किंवा दोन्ही कडेला लावलेल्या नळकांड्यांत. फायदा डबल आहे, वजन खाली राहतं आणि बॅटरीचा गॅस माणसाच्या नाकापर्यंत येत नाही. अमेरिकन नेव्हीतून रिटायर झालेले कॅप्टन जॉर्ज किट्रिज यांच्या के-२५० आणि के-३५० च्या प्लॅनवरून बऱ्याच लोकांनी घरी पाणबुड्या बांधल्यात, नावातला आकडा म्हणजे फुटात खोली. पॉडला एका टोकाला किंवा दोन्ही टोकांना काढता येणारं झाकण असतं, कारण बॅटरी आत घालायची, चार्ज करायची, टर्मिनल बघायचे, सगळं तिथूनच. म्हणजे सगळ्या पाणबुडीत सगळ्यात जास्त वेळा उघडझाप होणारं सील हेच.

आता हिशोब. समजा झाकणाचा सील होणारा व्यास ३५० मिमी आहे. क्षेत्रफळ येतं साधारण ९६,२०० चौरस मिमी. पाण्यात दर १० मीटरला ढोबळमानाने १ बार दाब वाढतो, म्हणजे ३० मीटरला ३ बार, आणि झाकणावर जोर येतो जवळपास २.९ टन. घाबरू नका, हा सगळा जोर झाकणाला आत, फ्लँजवर दाबतोय. पाणीच तुमचं झाकण धरून बसलंय, तिथे बोल्टचं काम जवळजवळ शून्य. झाकणाची जाडी किती पाहिजे हा वेगळा हिशोब, तो प्लॅनमध्ये असतो, त्यात हात घालू नका.

मग बोल्ट कशाला? तर उथळ पाण्यासाठी. अर्ध्या मीटर पाण्यात त्याच झाकणावर पाण्याचा जोर फक्त ५० किलोच्या आसपास, आणि एवढ्या मोठ्या ओ-रिंगला (झाकणाखालच्या खाचेत बसणारी रबरी रिंग, खरं सील तीच करते) नीट दाबून बसवायला काहीशे किलो लागतात, कडक रिंग असेल तर टनभरसुद्धा. म्हणजे उथळात रिंग दाबायचं काम पाणी करत नाही, बोल्टच करतात. म्हणूनच किनाऱ्यालगत, ट्रेलरवरून उतरवताना थेंब थेंब गळणारा पॉड खाली गेल्यावर गप्प होतो, नि लोकांना वाटतं आपोआप बरं झालं. बरं काही झालेलं नसतं, वर येताना परत गळणार असतो. बोल्टचं दुसरं काम म्हणजे ट्रेलरचे धक्के आणि मोटरची थरथर सोसणं. आणि तिसरं, जे कोणी धरत नाही ते, आतून बाहेर येणारा दाब.

आतला दाब येतो कुठून

नाशिकवाल्यांनी हे जास्त लक्ष देऊन वाचा, कारण आपल्याकडे हा खेळ घरच्या अंगणातच होतो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, इथे हवेचा दाब ०.९४ बारच्या आसपास असतो, समुद्रकिनारी १.०१. पॉड तुम्ही सातपूरच्या शेडमध्ये बंद केला आणि कसारा घाट उतरून खाली नेला, तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा ०.०७ बारने कमी भरते आणि झाकण ६५-७० किलोच्या जोराने आत ओढलं जातं. हे तसं चांगलंच, फक्त उघडायला जड जातं. उलटं करा, कोकणात किनाऱ्यावर पॉड बंद करून घाट चढून घरी या, आता तेवढाच जोर झाकणाला बाहेर ढकलतोय, आणि तुम्ही शेडमध्ये आल्या आल्या पाना घेऊन समोर बसलायत.

तापमान यापेक्षा बेकार. डिसेंबरातल्या पहाटे आपल्याकडे १० डिग्रीला पॉड बंद केला, मग गाडी ट्रेलरसकट उन्हात उभी राहिली, काळा रंग मारलेला पॉड आतून ४५ डिग्रीपर्यंत तापला, तर दाब वाढतो ०.११ बारच्या वर. ऐकायला किरकोळ, पण ३५० मिमीच्या झाकणावर तो ११० किलो होतो. म्हणजे एक धष्टपुष्ट माणूस आतून लाथ घालून उभा आहे असं समजा. दाब छोटा असतो, क्षेत्रफळ मोठं असतं, हा सगळा घोळ तिथला आहे.

आणि तिसरा स्रोत बॅटरी स्वतः. लेड-ॲसिड बॅटरी फुल होत आली की चार्जिंगचा करंट पाणी फोडायला लागतो, हायड्रोजन नि ऑक्सिजन निघतो, १२ व्होल्टच्या बॅटरीला १४.४ व्होल्टच्या पुढे हे जोरात चालतं. ओव्हरचार्जच्या प्रत्येक अँपिअर-तासाला एका सेलमधून ०.४२ लिटरच्या आसपास हायड्रोजन, सहा सेल धरले तर अडीच लिटर, वर त्याच्या निम्मा ऑक्सिजन. पॉडमध्ये बॅटऱ्या घातल्यावर मोकळी जागा समजा २० लिटर उरली, तर एका बॅटरीच्या एका अँपिअर-तासाने दाब जवळपास ०.१९ बार वाढला, झाकणावर १८० किलो. आणि हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की ठिणगीला पुरतो, इथे त्याच्या दुप्पट-तिप्पट झालाय. एजीएम किंवा जेल, म्हणजे सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी बराचसा गॅस परत जिरवते, पण चार्जर बिघडला तर तिचाही व्हॉल्व्ह उघडतोच. लिथियम फॉस्फेटवाल्यांनी खुश व्हायचं कारण नाही, ती नॉर्मल चालताना गॅस सोडत नाही हे खरं, पण एखादा सेल खराब होऊन फुगून फुटला की एकदम ढीगभर गरम पेटता गॅस येतो.

एवढ्यासाठी पहिला नियम, झाकण लावून चार्जिंग नाही. झाकण काढा, पॉड मोकळ्या हवेत ठेवा, चार्ज झाल्यावर लगेच झाकण ठोकू नका, बॅटरीला तास-दोन तास निवांत बसू द्या, गॅस निघायचा तो निघून जाऊ द्या, मगच बंद करा. डिझाइनमुळे झाकण काढणं शक्यच नसेल तर पॉडला दोन बुच ठेवा, एक खाली एक वर, दोन्ही उघडी, आणि खालून छोट्या फॅनने हवा सोडा, फॅनची मोटर गॅसच्या वाटेत नको. चार्जरचे क्लिप लावताना-काढताना आधी स्विच बंद, ठिणगी तिथेच पडते.

दुसरा नियम, प्रत्येक पॉडला ब्लीड प्लग हवाच हवा, म्हणजे एक छोटं आटेवालं बूच, त्याला स्वतःची छोटी ओ-रिंग, पाण्याबाहेर असताना हाताला सहज लागेल अशा जागी. आणि त्याच्या जोडीला एक रिलीफ व्हॉल्व्ह, आतून बाहेर उघडणारा, स्प्रिंगवाला, ०.२ ते ०.३ बारला सुटणारा. बाहेरून पाणी दाबतं तेव्हा तो अजून घट्ट बसतो, आतून दाब वाढला तर फुस्स करून मोकळा होतो. लिथियम असेल तर मोठ्या तोंडाचा घ्या, बारीक भोकातून तो लोंढा जाणार नाही. ०.३ बारला झाकणावर २९० किलो येतात, आठ बोल्टांना हे काहीच नाही, पण झाकण पट्ट्यांनी किंवा लॅचने (पेटीला असते तशी खटक्याची कडी) धरलं असेल तर हाच आकडा धरून लॅच निवडायचे.

लॅच, पट्टा की बोल्ट

लॅच लावायचा मोह सगळ्यांना होतो, कारण खटाखट उघडतं. माझं मत, वाईट नाही पण अपुरं आहे. लॅचची गोम अशी, खाली गेल्यावर पाणी झाकण अजून आत दाबतं, लॅच ढिला पडतो, तारेची कडी हुकमधून निसटायला मोकळी होते. वर आल्यावर दिसतं तीन लॅच जागेवर, चौथा लोंबतोय. लॅचच वापरणार असाल तर स्प्रिंगचा ताण असलेले घ्या, प्रत्येकाला बंद झाल्यावर आडवी पिन जाईल असं भोक असू द्या, आणि सगळ्यांची मिळून ताकद २९० किलोच्या तिप्पट तरी ठेवा, कारण चारही लॅच सारखा भार घेतील असं कधी होत नाही. पॉडच्या लांबीभर जाणारा पट्टा किंवा लांब रॉड, दोन्ही टोकांची झाकणं एकमेकांकडे ओढणारा, ही रचना मला त्यापेक्षा बरी वाटते. फक्त नायलॉनचा रॅचेट पट्टा नको, तो भिजला की लांबतो.

बाकी सगळ्यांसाठी फ्लँज आणि बोल्ट. ३५० मिमीला ८ बोल्ट एम ८ चालतात, झाकण पातळ असेल तर १२ करा म्हणजे दोन बोल्टांच्या मध्ये झाकण उचलणार नाही. बोल्टची भोकं ओ-रिंगच्या बाहेरच्या बाजूला पाहिजेत, हे सांगायची गरज नाही असं वाटतं पण आहे, कारण रिंगच्या आत पडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला नवीन दरवाजा. मटेरियल एसएस ३१६, बोल्टच्या डोक्यावर ए४-७० असं कोरलेलं बघून घ्या, नुसतं स्टीलचा बोल्ट द्या म्हटलं की दुकानदार ३०४ देतो, गोड्या पाण्यात चालून जाईल, समुद्रात वर्षभरात लाल डाग दिसायला लागतील.

पॉड ॲल्युमिनियमचा असेल तर त्यात डायरेक्ट टॅप मारून, म्हणजे पॉडमध्येच आटे पाडून बोल्ट लावू नका. वारंवार उघडझाप केली की आटे जातात, खाऱ्या पाण्यात स्टील नि ॲल्युमिनियम एकत्र आलं की ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी होऊन बोल्ट असा जाम होतो की डोकं तुटेल पण फिरणार नाही. हेलिकॉइल (भोकात बसवायचे स्टीलच्या तारेचे आटे) बसवून घ्या, किंवा सरळ आरपार बोल्ट आणि मागून नट. स्टीलच्या पॉडला मला स्टड (एक टोक पॉडमध्ये पक्कं, दुसऱ्या टोकाला नट) आवडतात, झाकण स्टडवर आपोआप रांगेत बसतं, आटे घासलेच तर नट बदलायचा, पॉडला धक्का नाही. स्टड नसतील तर दोन डॉवेल पिन (झाकण रांगेत धरणाऱ्या बिनआट्यांच्या पिना) तरी ठोकून घ्या, नाहीतर जड झाकण सरकवत सरकवत भोकं जुळवताना खालची रिंग खाचेतून निघते नि चिमटते, तुम्हाला दिसतही नाही.

आणि स्टीलवर स्टील कोरडं कधीच आवळायचं नाही. स्टेनलेसचे आटे कोरडे आवळले की एकमेकांना चिकटून जाम होतात, मग ग्राइंडरशिवाय इलाज नाही. निकेलवालं अँटी-सीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावा, थोडंसं, ब्रशने.

ओ-रिंग

सगळा जीव इथे आहे म्हणून जरा लांबवतो. साधी नायट्राइल रबराची, ७० शोअर कडकपणाची, एवढं सांगितलं की पुरतं. रिंगचा दोरा ५.३३ मिमी जाडीचा घेतला तर खाच साधारण ४ मिमी खोल, म्हणजे रिंग पंचवीस टक्के दाबली जाते, सपाट झाकणाला २० ते ३० टक्के ठीक असतं. खाच रुंदीला थोडी मोकळी हवी कारण रबर दाबलं की आडवं पसरतं, खाच शंभर टक्के भरून गेली तर झाकण फ्लँजला टेकणारच नाही, नि तुम्ही बोल्टच आवळत बसाल.

एक गोष्ट लेथवाल्याला मुद्दाम सांगावी लागते. बहुतेक जॉब वर्कवाल्यांनी ग्रूव्ह मारलेले असतात हायड्रॉलिकसाठी, जिथे तेल आतून दाबतं, म्हणून ते रिंग खाचेच्या बाहेरच्या भिंतीला टेकेल असं माप काढतात. आपलं उलटं आहे. पाणी बाहेरून येतं, रिंगला आत ढकलतं, म्हणून खाचेच्या आतल्या भिंतीचा व्यास रिंगच्या आतल्या व्यासाएवढा ठेवायचा, रिंग तिथे टेकूनच बसली पाहिजे. नाहीतर पहिल्या काही मीटरमध्ये रिंग खाचेत सरकते, आणि त्या सरकण्यातच पाणी आत येतं. ड्रॉइंगवर बाण काढून ‘दाब बाहेरून’ असं मराठीत लिहून द्या, ऑपरेटर आपलाच पोरगा असतो, त्याला कळतं.

रिंग शक्यतो एकसंध घ्या. बाजारात दोरा मीटरवर मिळतो, कापून सुपरग्लूने जोडून देतात, काम भागतं पण जोड कडक होतो आणि नेमका तिथेच रिंग सारखी दाबली जात नाही. टेस्टिंगला चालेल, माणूस बसणार असेल तेव्हा नको. लावायच्या आधी रिंग बोटांच्या चिमटीतून पूर्ण फिरवा, कट, चपटेपणा, भेगा सगळं बोटाला कळतं, डोळ्याला नाही. चपटी झालेली रिंग फेकून द्या, दोनशे रुपयांसाठी जीव टांगू नका.

खाच साफ करताना स्क्रूड्रायव्हर, पत्रा, ब्लेड काहीही लोखंडी नको, खाचेत एक आडवा ओरखडा म्हणजे कायमची गळती. जुनं एटीएम कार्ड कापून त्याचं टोक वापरा. पुसायला धागे न सोडणारं कापड. एक केस आडवा पडला तरी गळतं, हे अतिशयोक्ती वाटते पण केस रिंगवरून आरपार गेला की पाण्याला दोन्ही बाजूंनी वाट मिळते. मग सिलिकॉन ग्रीस, रिंग चमकेल इतकंच, थापायचं नाही. ग्रीस सील करत नाही, रिंगला सरकायला मदत करतं, जास्त लावलं की धूळ धरतं, आणि आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये शेडमध्ये किती धूळ असते ते तुम्हाला सांगायला नको. रिंग स्वतः सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीस चालत नाही, ती फुगते.

झाकण लावायचा क्रम

आधी आत बघा, टर्मिनल टाइट, बॅटऱ्या पट्ट्याने बांधलेल्या, एखादी वायर फ्लँजवर येत नाहीये ना. वायर रिंगखाली सापडणं हा प्रकार फार होतो. ब्लीड प्लग उघडा ठेवून झाकण बसवा, नाहीतर झाकण आत सरकताना हवा दाबली जाते. सगळे नट आधी हाताने, शेवटपर्यंत हाताने, पान्याशिवाय. हाताने जात नाही तिथे आटे खराब आहेत किंवा झाकण तिरपं आहे, जोर लावू नका, काढा नि बघा.

मग टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना. एम ८ ए४-७० कोरडा साधारण १५ न्यूटन-मीटरला आवळतात, अँटी-सीझ लावलंय म्हणजे घर्षण कमी, म्हणून ११-१२ बास. एवढ्यानेच एकेका बोल्टमध्ये टनभर ताण येतो, आठांचे आठ टन, रिंगला लागतं त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे पाईप लावून अजून थोडं असं करणारे नुसते आटे खातात नि झाकण वाकवतात. तीन फेऱ्या करायच्या, पहिली ४, दुसरी ८, तिसरी १२, आणि प्रत्येक वेळी समोरासमोरचे, म्हणजे एक झाला की त्याच्या बरोब्बर समोरचा, मग काटकोनातला, गोल फिरत जायचं नाही. पंधरा मिनिटं चहा प्या, रबर बसतं, मग त्याच टॉर्कला एकदा परत फिरवून बघा. फटीत ०.०५ मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) कुठेही जाता कामा नये, लोखंडाला लोखंड टेकलंच पाहिजे. ब्लीड प्लग सगळ्यात शेवटी.

सपाट रबरी गॅस्केट वापरणाऱ्यांना इथे एक इशारा. ओ-रिंगच्या खाचेत झाकण फ्लँजला टेकतं म्हणून खोलीत ते अजून आत जात नाही. सपाट गॅस्केट मात्र खोलीत अजून चेपतं, बोल्ट ढिले पडतात, मोटरच्या थरथरीने नट फिरायला लागतात, नि वर येताना चेपलेलं रबर लगेच फुगत नाही. म्हणजे शेवटच्या दोन-चार मीटरमध्ये, जिथे पाण्याची मदत नाही, तिथेच ढिलं झाकण. शक्य असेल तर गॅस्केट सोडाच.

नट फिरू नये म्हणून काय? स्प्रिंग वॉशर विसरून जा, थरथरीत त्याचा काही उपयोग होत नाही. नायलॉक नट सोपा, पण आतलं नायलॉन घासत जातं, हाताने शेवटपर्यंत फिरायला लागला की तो संपला. (वर हाताने लावा म्हटलं ते साध्या नटासाठी, नायलॉकला नायलॉन लागेपर्यंतच हात चालतो, आणि त्याचा अडकाव जेवढा असेल तेवढा टॉर्क वर वाढवायचा.) लॉकटाइट (आटे चिकटवून धरणारं) नि अँटी-सीझ एकत्र लावणारे लोक पाहिलेत मी, एक धरायला एक सोडायला, दोन्ही वाया. सारखं उघडायचं झाकण असेल तर लॉकटाइट नकोच.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे लॉक वायर. बोल्टच्या डोक्याला आडवं बारीक भोक, ०.८ मिमी स्टीलची तार दोन-दोन बोल्टांतून पीळ देत ओवायची. नाशिककरांचं नशीब असं की ओझरला एचएएल आहे, तिथून रिटायर झालेला एखादा काका तुमच्या कॉलनीत नक्की सापडेल ज्याने आयुष्यभर विमानाच्या बोल्टांना तार बांधलीये. त्यांना चहाला बोलवा नि शिकून घ्या, व्हिडिओ बघून ही गोष्ट हातात बसत नाही. मुद्दा एकच, तार अशी ओढली गेली पाहिजे की बोल्ट सुटायला बघितला तर तार त्याला आवळायच्या दिशेला खेचेल, उलटी बांधली तर ती नुसती शोभा. भोक पाडायला कोबाल्टचं ड्रिल आणि भरपूर कूलंट, साधी ड्रिल स्टेनलेसमध्ये काळी पडून तुटतात.

तार नको असेल तर किमान नट नि झाकणावर मिळून पेंटची एक रेघ मारा. रेघ तुटली म्हणजे नट हलला, पाण्यात उतरायच्या आधी टॉर्चने एक नजर टाकली की झालं. आणि झाकणाला एक छोटी स्टीलची दोरी पॉडशी बांधून ठेवा, उघडलं तरी पाण्यात जाणार नाही, पायावरही पडणार नाही. १२ मिमी जाड, ४०० मिमी व्यासाची स्टीलची चकती १२ किलोची होते, अंगठ्याला पुरेशी आहे.

टेस्ट

कॉम्प्रेसरची हवा पॉडमध्ये भरू नका. पुन्हा लिहितो, भरू नका. गॅरेजच्या कॉम्प्रेसरचा ६ बार या झाकणावर साडेपाच टनांच्या वर जोर टाकतो, आणि तोही बाहेरच्या दिशेने, ज्यासाठी यातलं काहीच बनवलेलं नाही. उलटं करा, हवा काढा. टू-व्हीलर मेकॅनिककडे ब्रेक ब्लीड करायचा हातपंप असतो, गेजवाला, तो ब्लीड प्लगच्या जागी जोडून ०.२-०.३ बार व्हॅक्यूम करा नि अर्धा तास गेज बघा. यात झाकण आत ओढलं जातं, म्हणजे पाण्यात जसं होतं तसंच, आणि काही सुटलं तरी उडून अंगावर येत नाही. फक्त सावलीत करा, एक डिग्री तापमान बदललं की गेज २-३ मिलिबार हलतं, उन्हात पॉड तापला तर गळती नसताना गळती दिसेल. गळतीची जागा साबणाच्या पाण्याने शोधायची असेल तर आतून ०.१ बारपेक्षा जास्त नको, तेही रेग्युलेटर आणि रिलीफ व्हॉल्व्ह लावून, एवढ्यालाही झाकणावर ९८ किलो असतात.

नंतर पाण्यातली टेस्ट. गंगापूर धरणाकडे बघू नका, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे आणि परवानगीशिवाय तिथे काही सोडणं म्हणजे आपणहून लफडं. आपल्याकडे सोय आहे ना, निफाड-दिंडोरीकडे द्राक्षवाल्यांची शेततळी. चार-पाच मीटर खोल, स्वच्छ, नि आपल्याला उथळ पाण्यातलीच टेस्ट हवीये. मालकाला रीतसर विचारा. पॉडमध्ये बॅटऱ्या घालू नका, त्याऐवजी वजनं आणि वर्तमानपत्राचे कोरे कागद, ओल आली की कागद सांगतो कुठून आली. वजनाचा हिशोब आधी करा, ८० लिटर पाणी बाजूला सारणारा पॉड बुडवायला एकूण ८० किलोच्या वर वजन लागतं, म्हणजे काठावरून दोरीने ओढायला चार माणसं किंवा चेन पुली हवी. पॉडच्या कडांना जुनी ट्यूब गुंडाळा, तळ्याचा प्लास्टिक कागद फाटला तर मालक परत दारात उभं करणार नाही. आणि कोणीही तळ्यात उतरायचं नाही. तो कागद शेवाळाने इतका निसरडा असतो की पोहता येणारी माणसंसुद्धा वर चढू शकत नाहीत, दरवर्षी कुठे ना कुठे बातमी येते. काठावरही लाइफ जॅकेट, नि एक मोकळी दोरी पाण्यात सोडलेली.

पूर्ण खोलीची टेस्ट वेगळी, ती माणूस न बसवता, दोरीवर सोडून, रेटेड खोलीपेक्षा जास्त. तिथे झाकणाच्या आवळण्यापेक्षा पॉडच्या ताकदीचा प्रश्न असतो.

उघडताना

गरम कुकरचं झाकण शिट्टी न काढता कोणी उघडत नाही, इथे ब्लीड प्लग हीच शिट्टी. आधी तोच, नेहमी तोच, पाव-पाव फेरा करत. फुस्स आवाज बाहेर आला तर आत दाब होता, थांबा, पूर्ण जाऊ द्या, आसपास सिगारेट, ग्राइंडर, वेल्डिंग काही नको. हवा आत ओढली गेली तर झाकण एवढा वेळ चिकटून का होतं ते कळलं. पाणी बाहेर आलं तर पॉड भरलाय, तिथून पुढे ते ॲसिडचं पाणी आहे असं धरून चाला, गॉगल, रबरी हातमोजे, खायच्या सोड्याचं पाणी तयार. खारं पाणी बॅटरीत गेलं असेल तर क्लोरीन तयार होतो, वास आला की बाजूला व्हा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जा, झाकण नंतर.

प्लग मोकळा झाल्यावर झाकणासमोर नाही, कडेला उभं राहून सगळे नट दोन-दोन फेरे ढिले करा, काढू नका. मग झाकण हलवा. रिंग चिकटली असेल तर झाकणात दोन बोल्टांच्या मधल्या जागेत आटेवाली भोकं ठेवलेली असतात, त्यात जॅक बोल्ट (फ्लँजवर टेकून झाकण वर उचलणारे) घालून आलटून पालटून आवळा, झाकण समान वर येतं. ही भोकं नसतील तर आत्ताच पाडून घ्या, कारण ती नसली की माणूस छिन्नी शोधतो आणि छिन्नी सरळ खाचेत जाते. झाकण सुटलंय, आत-बाहेर हवा सारखी आहे, हे दिसल्यावरच नट पूर्ण काढा.

अजून एक सवय लावून घ्या, झाकणावर मास्किंग टेपची पट्टी आणि त्यावर मार्करने लिहायचं: कुठे बंद केला, किती वाजता, तापमान किती, चार्ज कधी संपला. पाच सेकंदांचं काम आहे, पण पट्टीवर ‘मालवण, सकाळी ६, २२ डिग्री’ असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी नाशिकात उभे असाल तर प्लगला हात लावायच्या आधीच कळतं की आत दाब आहे. पावसाळ्यात पाणबुडी उभी राहणार असेल तेव्हा झाकण आवळून ठेवायचं नाही, रिंग काढून, पुसून, पिशवीत बंद करून अंधारात ठेवायची, मोटर-जनरेटरपासून लांब, कारण ठिणग्यांमधून निघणारा ओझोन नायट्राइलला भेगा पाडतो. झाकण दोन नटांवर नुसतं अडकवून, मध्ये लाकडाची पट्टी घालून फट ठेवा, म्हणजे आत दमट होणार नाही नि उंदीरही शिरणार नाही एवढीच.